परमुलखात वाढलेली मुलगी आणि गावाकडं ठरलेलं लग्न: समुपदेशकानं सुरुवात कुठून करावी?

पंचगंगाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसतं वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. कोल्हापुरात एका महाविद्यालयात समुपदेशनाचं काम करते. मुली येतात त्या बहुतेक परीक्षा, मैत्रिणींशी बिनसणं, घरात चालू झालेली स्थळं, असलं घेऊन. आता एक मुलगी आलीय आणि तिच्या बाबतीत पाऊल कुठं टाकावं ते नीट ठरवायचंय. ओळख पटेल असं सगळं बदलून लिहितेय.

वय १९, दुसऱ्या वर्षाला. आईवडील नेपाळचे. वडील एका अपार्टमेंटला रात्रपाळीचे वॉचमन, आई धुणीभांडी करते. राहायला त्याच अपार्टमेंटच्या पार्किंगमधली खोली. मुलगी जन्मली इथं, शाळा इथं, बोलते अस्सल कोल्हापुरी. नेपाळी समजतं, पण आजीशी फोनवर बोलताना अडखळते. तिचं लग्न गावाकडं ठरवलंय. मुलगा तिनं व्हिडिओ कॉलवर बघितलाय, तोही सगळे भोवती बसलेले असताना. दसऱ्याला, म्हणजे त्यांच्या दसैंला, सगळे गावी जाणार. तिकिटं निघालीत. वडिलांच्या मोबाइलवर तिनं बघितलं, परतीची तिकिटं तिघांचीच आहेत.

"मला न्हाई जायचं म्याडम. खरं बाबांना तोंड वर करून सांगू कशी? रात्र रात्र जागून त्यांनीच शिकवलंय मला." बोलताना दप्तराची चेन सारखी मागंपुढं करत होती. घरात नको म्हणून बघितलं तर भावानं मोबाइल काढून घेतला आणि आईनं अन्न सोडलं. मोबाइल परत दिलाय, पण रात्री भाऊ तपासतो. पाच-दहा मिनिटं बोलली की "मी निघतो म्याडम, भाऊ गेटवर थांबलाय" म्हणून उठते.

आणखी एक. जाताना मला म्हणाली, "आमच्या लोकांना नावं ठेवू नका हं. गुरखे असलेच, असं म्हणतील सगळे." घरच्यांच्या भीतीइतकीच ही भीती तिच्या मनात आहे.

माझे प्रश्न असे. आईला बोलावून घ्यावं का? त्यांच्या समाजातल्या कुणा वडीलधाऱ्याला मध्ये घालावं का? आणि मी त्यांच्यातली नाही, "तुमच्यात वेगळं, आमच्यात वेगळं" असं ते म्हणाले तर काय बोलावं? अनुभव असलेल्यांनी लिहावं.

---

बंडू_पेठेतला | सोमवार, रात्री ९:५८

वाचतोय ताई. पोरीला एकटं सोडू नका.

---

सुनंदा_कसबेकर | सोमवार, रात्री १०:३०

महिला साहाय्य केंद्रात बरीच वर्षं काम केलंय, आता निवृत्त आहे. सरळ लिहिते.

आईला बोलावू नका. निदान आत्ता नको, आणि मुलीच्या परवानगीशिवाय कधीच नको. कॉलेजातनं घरी फोन गेला की त्या घरात एकच अर्थ निघतो: पोरीनं बाहेर तोंड उघडलं. मग दसऱ्यापर्यंत कोण थांबतंय? अशा वेळी घरचे तारीख पुढं ढकलत नाहीत, अलीकडं आणतात. सोमवारी समजावून घरी पाठवलेली मुलगी गुरुवारी गाडीत बसवलेली मी बघितलीय.

मुलीशी एकटीशीच बोला. मैत्रीण, मावसबहीण, शेजारीण कुणी बरोबर नको. फोन तपासला जातो म्हणता, तर तिला मेसेज करू नका. भेटायची वेळ कॉलेजच्या तासांच्या वेळातच बसवा. आमच्याकडं एक बाई वाचनालयात पुस्तक बदलायच्या निमित्तानं मुलींना भेटायच्या. घरी कुणी विचारलं तर हातात पुस्तक असायचं.

पहिल्या भेटीत तिला सल्ला देऊ नका, विचारा. मारहाण झालीय का? घरात अजून कुणाचं असं लग्न लागलंय का, आणि ती बहीण कशी आहे? कागदपत्रं कुणाच्या ताब्यात आहेत? जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का? हा शेवटचा प्रश्न विचारायला लोक घाबरतात. विचारल्यानं कुणी जीव देत नाही, उलट मुलगी मोकळी होते. रात्री-अपरात्री मन फारच खचलं तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक तिला पाठ करायला सांगा. फोनमध्ये साठवायचा नाही.

समाजातल्या वडीलधाऱ्याबद्दल: सरसकट नको. तो कुणाच्या बाजूचा आहे हे तुम्हाला बाहेरून कळत नाही.

---

तांबडापांढरा | सोमवार, रात्री ११:०५

जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. आईबाप काय वैरी हायत काय पोरीचे? परमुलखात येऊन रात्री जागून पोरगी शिकवली त्या माणसानं. त्याला न विचारता, न सांगता परस्पर बाहेरच्यांनी ठरवायचं म्हंजे काय? बघून-ठरवून लग्न तर आपल्यात पण होतात. माझं झालं, माझ्या बहिणीचं झालं. दोन्ही बाजू समोरासमोर बसवून समेट घडवणं हेच खरं समुपदेशन. घर मोडायला वेळ लागत न्हाई, जोडायला पिढ्या जातात.

---

सुनंदा_कसबेकर | सोमवार, रात्री ११:२२

@तांबडापांढरा, रागाचं काही नाही, हा प्रश्न प्रत्येक वेळी निघतो. ठरवून केलेलं लग्न आणि लादलेलं लग्न यातला फरक मला एका गोष्टीवरनं कळतो: मुलगी नको म्हणाल्यावर घरात काय होतं. तुमची बहीण एखाद्या स्थळाला नको म्हणाली असती तर दुसरं स्थळ बघितलं असतं. इथं मुलगी नको म्हणाली तर मोबाइल गेला आणि आईनं अन्न सोडलं.

समोरासमोर बसवायचं म्हणता, तर ती खोली डोळ्यापुढं आणा. वडील, भाऊ, काका एका बाजूला, आई रडतेय, आणि मध्ये खाली मान घालून मुलगी. तिथं ती "हो" म्हणते, सगळे सुटकेचा श्वास टाकतात, फायलीत समेट झाला असं लिहिलं जातं. तिचा तो होकार कुणाच्या भीतीनं आला, हे फायलीत येत नाही.

---

पाटलीण_करवीर | मंगळवार, सकाळी ७:१५

हे फक्त बाहेरून आलेल्यांच्यात किंवा अल्पसंख्याकांत होतं अशी समजूत करून घेऊ नका कुणी. आमच्या शहाण्णव कुळी घरात माझ्या चुलतबहिणीला बारावीच्या परीक्षेआधी साखरपुड्याला बसवली. मुलगा पसंत नाही म्हणाली तर भावकी जमली. "आमच्यात पोरींना विचारत नाहीत" हे वाक्य देवघरासमोर बसून आजोबांनी म्हटलेलं मला आठवतं. फरक इतकाच, आमच्याकडं झालं की ते "घरातलं प्रकरण", आणि नेपाळी, मुसलमान, भटक्या घरात झालं की ती "त्या लोकांची रीत". पंचगंगाकाठ, तुमच्या मुलीची ती भीती अगदी खरी आहे.

---

रेश्मा_दसराचौक | मंगळवार, सकाळी ११:४०

पाटलीणबाई, हे तुम्ही लिहिलंत, बरं वाटलं.

मी मुस्लिम. इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत बायका-मुलींबरोबर काम करते. आमच्या मुलीला बाहेर मदत मागताना दोन दारं ओलांडावी लागतात. एक घरचं. दुसरं मदत करणाऱ्याचं, कारण तिथं कुणीतरी हमखास म्हणतं, "तुमच्यात असंच असतं ना?" ते ऐकलं की मुलगी उठून जाते आणि परत येत नाही. बापाबद्दल तक्रार करायला आलेली मुलगी बापाची निंदा ऐकायला आलेली नसते. एका मुलीनं मला विचारलं होतं, "हे पेपरात तर येणार नाही ना? आमच्या मोहल्ल्याचं नाव टाकून?" तिला लग्न नको होतं, पण त्याहून जास्त तिला आपली गोष्ट कुणाच्या भांडणात वापरलेली नको होती.

निकाहाला मुलीची संमती लागते. वकील (कोर्टातला नव्हे, निकाहात तिच्या वतीनं बोलणारा) आणि दोन साक्षीदार तिच्याकडं येऊन विचारतात, आणि मगच पुढचं. आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. खोलीत पंचवीस बायका, मुलगी ओढणीत, आणि शेजारी बसलेली फुफी मागून मानेवर हात ठेवून मान हलवते. बाहेर लगेच "कबूल है" पोचतं. म्हणून मी मुलींना हदीसमधली खन्सा बिन्त खिदाम यांची गोष्ट सांगते. बापानं मर्जीविरुद्ध लावलेलं लग्न त्यांनी पैगंबरांपुढं नेलं आणि पैगंबरांनी ते रद्द ठरवलं. ही गोष्ट ऐकल्यावर मुलीच्या चेहऱ्यात जो फरक पडतो तो कायद्याची दहा कलमं सांगून पडत नाही. धर्म सोडायचा नाही, घर तोडायचं नाही, आणि तरीही नाही म्हणता येतं, हे तिला तिच्याच घरातल्या भाषेत मिळतं.

नेपाळी घराला धरून असंच काहीतरी त्यांच्यातल्याच कुणाकडून समजून घ्या. बाहेरून उपदेश नेऊ नका.

---

काकासाहेब_मिरजकर | मंगळवार, दुपारी १:१०

अवांतर होईल पण लिहितो. हे सगळं कोल्हापुरात चाललंय म्हणून जास्त लागतं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, १९१८ मध्ये आंतरजातीय विवाहाला मान्यता दिली, १९१९ मध्ये घरात बाईला क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. मराठा-धनगर विवाह स्वतःच्या आणि होळकरांच्या घराण्यांत घडवून आणायचं ठरवलं. मुस्लिम बोर्डिंग १९०६ चं. शंभर वर्षांपूर्वी दरबार म्हणत होता की घरात बाईवर होणारा जुलूम हा घरातला प्रश्न नाही, आणि आज आपण विचारतोय, मध्ये पडावं का?

---

बंडू_पेठेतला | मंगळवार, दुपारी १:१६

काका, नाद खुळा. खरं धागा तिकडं नेऊ नका, पोरीचं राहून जाईल.

---

अ‍ॅड_बावडा | मंगळवार, रात्री ८:२०

कायद्याचं थोडक्यात, मी जिल्हा न्यायालयात काम करते म्हणून.

मुलगी १८ च्या आतली असती तर रस्ता सोपा होता. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, मुलांच्या मदतीच्या १०९८ वर फोन, गावात ग्रामसेवक आणि शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी, न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम. तो हुकूम मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द. १९ वर्षांच्या मुलीसाठी जबरदस्तीच्या लग्नाविरुद्ध वेगळा कायदा आपल्याकडं नाही, पण हातात काहीच नाही असंही नाही.

२००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा नवऱ्याविरुद्धच असतो असं बहुतेकांना वाटतं. तो बापाच्या, भावाच्या घरात राहणाऱ्या अविवाहित मुलीलाही लागू आहे. त्याच्या नियमांत घरगुती घटना अहवालाचा जो नमुना आहे, त्यात मानसिक छळाच्या यादीत इच्छा नसताना लग्नाला भाग पाडणं आणि ठरावीक माणसाशीच लग्न करायला लावणं हे स्पष्ट छापलेलं आहे. संरक्षण अधिकाऱ्यापुढं तो नमुना भरता येतो. लग्नासाठी बळजबरीनं पळवून नेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८७ खाली गुन्हा आहे, १० वर्षांपर्यंत शिक्षा. कोंडून ठेवली तर उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे तिला न्यायालयापुढं हजर करा अशी, याचिका करता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालंय, त्यामुळं त्यासाठी मुंबई गाठायची गरज उरली नाही. वकिलाची फी हा प्रश्नच नको, विधी सेवा प्राधिकरणाकडून कुठल्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १५१०० वर विचारा.

या मुलीच्या बाबतीत एक महत्त्वाचं: नेपाळमध्ये २०१७ च्या फौजदारी संहितेनुसार लग्नाचं वय मुलगा-मुलगी दोघांनाही २० आहे. म्हणजे १९ व्या वर्षी तिचं लग्न इथं कायद्यानं होऊ शकतं, तिथं होऊ शकत नाही. लावलं तर ते आपोआप रद्द आणि लावणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद. संमतीशिवाय लग्न लावणं हाही तिथं गुन्हा आहे. घरच्यांना हे माहीत असेलच असं नाही.

---

लेस्टरकर | मंगळवार, रात्री ११:५०

मूळचा राजारामपुरीचा, बरीच वर्षं इंग्लंडात. बायको इथल्या एका शाळेत मुलींच्या सुरक्षिततेचं काम बघते, तिच्याकडून ऐकलेलं लिहितो, कारण तुमच्या मुलीचा प्रकार इथं रोजचा आहे. इथं जन्मलेली मुलगी, सुट्टीत "आजी आजारी आहे" म्हणून पाकिस्तान, बांगलादेश, पंजाब, सोमालिया अशा आईवडिलांच्या मुलखात नेतात आणि लग्न लावतात.

इथल्या आशियाई बायकांनीच हा प्रश्न लावून धरला. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संघटना १९७९ ची. सरकारचा जबरदस्तीच्या विवाहांसाठीचा खास विभाग २००५ मध्ये झाला, असं लग्न थांबवणाऱ्या संरक्षण आदेशाचा कायदा २००७ चा, आणि २०१४ मध्ये तो फौजदारी गुन्हा झाला. कायदा करतानाही वाद झाला, कारण मुली म्हणत होत्या, मला सोडवा, पण आईला तुरुंगात घालू नका. म्हणून नुसत्या संरक्षण आदेशाचा रस्ता आजही उघडा ठेवलाय.

इथल्या शिक्षकांना, डॉक्टरांना शिकवतात की मुलगी बोलायला आली तर ही तुम्हाला मिळालेली एकमेव संधी आहे असं धरून चाला, पुढच्या आठवड्यात या म्हणू नका. दुभाषा म्हणून नातेवाईक किंवा समाजातला ओळखीचा माणूस घेऊ नका. आणि समेट घडवायला जाऊ नका, त्यानं जीव गेलेत. सुनंदाताई वर तेच म्हणाल्यात.

आणि एक युक्ती. कर्म निर्वाण नावाची संस्था मुलींना सांगायची, विमानतळावर नेलंच तर अंतर्वस्त्रात एक चमचा लपव. यंत्र वाजतं, तपासणीला बाजूच्या खोलीत एकटीला नेतात, तिथं बोल. घरच्यांच्या डोळ्याआड मिळालेली ती शेवटची दोन मिनिटं.

---

पाटलीण_करवीर | बुधवार, सकाळी ६:५०

चमच्याचं वाचून अंगावर काटा आला.

---

हिमाल_ते_रंकाळा | बुधवार, सकाळी १०:०५

मी नेपाळी आहे. कैलालीचे आमचे लोक, मी वाढलो कोल्हापुरात. वडील वॉचमन होते, मी आता हॉटेलात कुक आहे. मराठीत लिहायची सवय फारशी नाही, पण हा धागा वाचून गप्प बसवेना.

पहिलं म्हणजे ताई, अपार्टमेंटमध्ये कुणाला कळू देऊ नका. चेअरमनला नाही, ज्या घरात तिची आई काम करते तिथंही नाही. ती खोली नोकरीची असते. "वॉचमनच्या घरात लफडं आहे" इतकं कुणी बोललं तरी दुसऱ्या दिवशी सामान बाहेर. मग सगळं घर मुलीला दोष देणार, आणि गावी जायला आणखी एक कारण.

दुसरं, आमच्यातला कुणी वडीलधारा बोलवू नका. इथला मोठा माणूस तिच्या बापाच्या गावचाच निघणार. त्याच संध्याकाळी फोन गावात पोचतो.

बापाचं पण सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. तो इथं पगार घेतो, पण त्याची इज्जत गावात असते. इथं त्याला कुणी नावानं हाक मारत नाही. मोठा भाऊ गावात जमीन बघतो, म्हातारी आई बघतो, म्हणून बाप त्याच्यापुढं बोलत नाही. मुलीचं स्थळ बहुतेक त्या मोठ्या भावानंच आणलेलं असतं. बापाला रात्री खुर्चीवर बसून एकच भीती: मुलगी इथल्या कुणाबरोबर गेली तर गावात तोंड कसं दाखवू. कधी कधी बापालाच नाही म्हणायला कुणीतरी कारण द्यायला लागतं. वकील बाईंनी २० वर्षांचं लिहिलं, ते कारण चांगलं आहे. "पुलिस केस होईल" हे बाप मोठ्या भावाला सांगू शकतो. त्यात त्याची इज्जत जात नाही.

माझ्या बहिणीचं असंच झालं. दहावी झाली आणि दसैंला नेली. तिला शेतातलं काही येत नव्हतं, डोक्यावर भारा घेऊन चढ चढता येत नव्हता, सासू तिला "देशी", म्हणजे भारतातली, म्हणायची. आता दोन मुलं आहेत. फोन केला की कोल्हापूरचं विचारते. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि मी पण विचारलं नव्हतं. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो.

---

तांबडापांढरा | बुधवार, सकाळी १०:४०

दाजू, तुमचं वाचलं. दोनदा वाचलं.

माझं म्हणणं अजून हेच हाय की बापाला तोडू नये. खरं बापाला सामील करायचं ते पोरगी सुरक्षित झाल्यावर, आणि तिला पाहिजे असंल तर, हे पटलं. समोरासमोर बसवायची घाई नको.

---

वस्तीवरची | बुधवार, दुपारी ३:३०

माझा समाज भटक्या-विमुक्तांतला, नाव लिहीत नाही. आमच्याकडं घराच्या वर अजून एक घर असतं, ते म्हणजे जातपंचायत. मुलगी नाही म्हणाली की दंड बापाला, आणि नाही भरला तर घर वाळीत. मग लग्नकार्यात बोलावणं नाही, मयताला खांदा नाही. म्हणून बाप मनातून मुलीच्या बाजूचा असला तरी गप्प. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ पासून लागू आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. मी ज्या समुपदेशक बाईंकडं गेले होते त्यांना हा कायदा माहीत होता. त्यांनी माझ्या वडिलांना वेगळं भेटून विचारलं, "पंचायतीची भीती नसती तर तुम्ही काय केलं असतं?" वडील रडले. लग्न मोडायला त्यानंतरही पुष्कळ दिवस लागले, पण त्या दिवसापासून घरात मी एकटी नव्हते.

माझ्या वडिलांची बाजू त्या बाईंना आधी माझ्याकडून कळली होती. वडिलांना भेटू का, हे त्यांनी मला विचारलं होतं. हे महत्त्वाचं आहे.

---

अनघा_जोशीराव | बुधवार, रात्री ९:१५

सगळे सुटकेबद्दल बोलतायत, मी त्यानंतरचं लिहिते. एका वसतिगृहाची अधीक्षक होते.

घर सोडून आलेली मुलगी पहिले आठ-दहा दिवस खंबीर असते. मग सण येतो. किंवा आईचा आवाज ऐकायचा म्हणून ती कुणाच्या तरी फोनवरनं घरी फोन लावते, आई म्हणते "बाबांनी अंथरूण धरलंय", आणि ती बॅग भरते. तिला अडवून चालत नाही, सज्ञान आहे. रागावलात तर ती पुन्हा तुमच्याकडं येणारच नाही. मी अशा वेळी एवढंच बघायचे की जाताना तिच्याकडं आमचा नंबर पाठ आहे, परतीचे पैसे आहेत, आणि ठरल्या दिवशी तिचा फोन आला नाही तर पुढं काय करायचं हे आमच्यात ठरलंय.

आणि एकटेपण. तुमच्या मुलीचं आईच्या हातचं जेवण, भाषा, सणवार सगळं त्या खोलीत आहे. ते सुटलं तर तिला नेपाळी बोलायला दुसरं कुणी नाही. म्हणून शक्य असेल तर एखाद-दुसरं नातं वाचवा. भाऊ आज फोन तपासतोय, पण तो वयानं केवढा आहे? @हिमाल_ते_रंकाळा तेरा वर्षांचे होते. भावाशी कुणीतरी बोलायला पाहिजे, पण नंतर.

सखी वन स्टॉप सेंटरमध्ये ५ दिवसांपर्यंत राहता येतं, पोलीस, वकील, दवाखाना, समुपदेशन एकाच ठिकाणी. त्यापुढं राहायची गरज पडली तर शक्ती सदन. १८१ वर बायकांच्या मदतीचा क्रमांक. हे सगळं तिला दाखवून ठेवा, लगेच घर सोडायला सांगू नका. निर्णय तिचा.

---

सुनंदा_कसबेकर | बुधवार, रात्री ९:४०

अनघा, अगदी खरं. यात भर: कागद. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, मार्कलिस्ट, नेपाळी नागरिकतेचा कागद असेल तर तो, यांचे फोटो काढून कॉलेजात एखाद्या खात्रीच्या ठिकाणी ठेवा. मूळ कागद आत्ताच काढून आणायला सांगू नका, कपाटातनं गायब झाले की संशय येतो. आणि कधी निघायची वेळ आलीच तर घरातलं सोनंनाणं, पैसे यातलं काही घेऊ नको म्हणून बजावा. पुढं चोरीची तक्रार होते आणि मूळ विषय बाजूला पडतो.

---

पंचगंगाकाठ | शुक्रवार, रात्री १०:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. @हिमाल_ते_रंकाळा, तुमचा प्रतिसाद वाचला नसता तर अपार्टमेंटची बाजू माझ्या ध्यानातच आली नसती.

काल मुलगी भेटली. वाचनालयातच, सुनंदाताईंच्या पद्धतीनं. तिला विचारलं की तुला नक्की काय हवंय. मला वाटत होतं ती म्हणेल, लग्न मोडा. ती म्हणाली, "मला बीए पूर्ण करायचंय, आणि बाबांना वाईट वाटायला नको." दोन्ही तिला सारखंच हवंय, आणि यातलं कुठलं आधी हे मी ठरवायचं नाही, एवढं आता माझ्यापुरतं पक्कं आहे. घर सोडायचं नाही असं तिनं आत्तातरी ठरवलंय. जिवाचं बरंवाईट करायचा विचार नाही म्हणाली, मारहाण नाही. २० वर्षांचा नेपाळचा नियम सांगितला तेव्हा पहिल्यांदा चेन हलवायची थांबली आणि म्हणाली, "हे बाबांना ठाऊक न्हाई बगा." तिच्या मते बाबांना हे तिच्याकडून कळण्यापेक्षा कॉलेजातल्या एका सरांकडून कळावं. फॉर्म भरायला वडील त्यांच्याकडं आले होते आणि त्या सरांना ते फार मानतात. ते सर आमच्या मुलीच्या बाजूचे आहेत याची मी आधी स्वतंत्र खात्री करणार आहे. वडिलांशी बोलायचं की नाही, कधी आणि काय, ते तिनं सांगितल्यावरच. लग्नाचा विषय काढायचा की नुसत्या परीक्षेच्या तारखांचा, हेही तीच सांगणार.

एक प्रश्न राहिला. समजा हे काहीच जमलं नाही आणि तिला गाडीत बसवलंच, तर?

---

अ‍ॅड_बावडा | शुक्रवार, रात्री १०:४५

त्याची तयारी आत्ताच करा, तिच्या हस्ताक्षरात. साधं पत्र, मराठीत: मी सज्ञान आहे, माझं लग्न माझ्या मर्जीविरुद्ध ठरवलंय, मला नेपाळला नेलं तर ते माझ्या संमतीनं नाही असं समजावं. तारीख, सही, मुलाचं नाव आणि गाव माहीत असेल तर तेही. एक प्रत तुमच्याकडं, एक संरक्षण अधिकाऱ्याकडं द्यायची की नाही ते तिला विचारून. हे पत्र हातात असेल तर आम्ही त्याच दिवशी पोलिसांकडं आणि न्यायालयात जाऊ शकतो, नाहीतर "मुलगी आईवडिलांबरोबर गावी गेलीय, त्यात काय?" असं म्हणून परत पाठवतात.

रस्ता कोणता ते विचारून ठेवा. कैलाली-कंचनपूरकडचे लोक बहुतेक दिल्लीहून बनबसा किंवा गौरीफंट्याच्या सीमानाक्यानं जातात. वाटेत कुठल्याही स्टेशनवर ११२, रेल्वेत १३९. सीमा ओलांडलीच तर नेपाळमध्ये महिला आयोगाचा ११४५ हा क्रमांक आहे. माइती नेपाळ ही संस्था १९९३ पासून मुलींच्या तस्करीविरुद्ध काम करते, सीमेवर त्यांच्या कार्यकर्त्या असतात, त्यांच्यापर्यंत पोचता आलं तरी मार्ग निघतो. एवढे सगळे नंबर पाठ होणार नाहीत. ११२, ११४५ आणि तुमचा, तिन्ही तिला म्हणून दाखवायला सांगा.

---

हिमाल_ते_रंकाळा | शुक्रवार, रात्री ११:२०

ताई, धनगढी आणि महेंद्रनगरला माझे नातेवाईक आहेत. मुलीचं नाव मला सांगू नका. पण तशी वेळ आली तर फक्त गाव सांगा. माझी बहीण तिकडंच आहे, ती जाईल म्हणाली. तिला मी आज फोन करून विचारलं.

---

सुनंदा_कसबेकर | शुक्रवार, रात्री ११:३१

पंचगंगाकाठ, बहिणीची ही मदत घ्यायची की नाही, तेही आधी मुलीला विचारून ठरवा. पुढची भेट कधी आहे? दसऱ्यापर्यंत दर आठवड्याला एक तरी व्हायला पाहिजे. आणि भेट चुकली तर किती तासांनी कुणी काय करायचं, ते वकील बाईंबरोबर बसून सोमवारच्या आत लिहून काढा. मी येते, कळवा.